सूर, ११० किलोमीटर

दर मंगळवारी पहाटे साडेचारला मी व्हॅन काढतो.
मागे अकरा व्हायोलिनं, तीन चेलो
आणि एक डबल बेस, ज्याला मी
आमच्या थोरल्या मामूंसारखा पट्टा बांधतो:
पोट मोठं, मान लांब, वळणावर घोरतो.

पगार ऑर्केस्ट्राचा, हुद्दा ड्रायव्हर.
एसी बावीसवर ठेवणं हेही कामात धरलंय.
उन्हानं वाद्यांचे सांधे सुटतात,
बद्रिया मॅडम सांगतात.
(माझे अठरा वर्षं मस्कतच्या उन्हात आहेत. असो.)

कुरय्यात मागे पडलं की पाटी येते:
सूर, ११०.
पहिल्यांदा वाचली तेव्हा एकटाच हसलो.
कुणाला सांगणार?
आमच्यात सूर म्हणजे काय,
हे माझ्या मोडक्या अरबीत सांगेपर्यंत
अर्धा डोंगर संपतो, आणि गंमतही.
बायकोला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, "मग? लागला का तुमचा?"

शाळा खाडीच्या काठाला.
मॅडम एकेका पोराच्या हातात पेटी देतात:
जूनपर्यंत तुझं. घरी ने. बापाची सही आण.
झुवैनानं बो उचललाच नाही.
व्हायोलिन पालथं केलं,
बोटाच्या पेरानं पाठ वाजवली,
कान लावला.
"लाकूड कुठलं?"
मेपल, थंड देशातलं, मॅडम म्हणाल्या.
पोरीनं नाक मुरडलं. "सागवान बरं.
आजोबा म्हणतात, चांगलं ते याच्या मुलखातून यायचं."
आणि बोट माझ्याकडे.

मी डबल बेस खाली ठेवला.
माझं आडनाव होडेकर.
जैतापूरच्या खाडीवर आमचे दादा
फळी अशीच वाजवून घ्यायचे, पण पेरानं नाही,
अंगठ्याच्या मागच्या हाडानं. असं.
टक्.
सगळ्या वर्गानं आपापलं व्हायोलिन पालथं केलं.
टक्. टक्. टक्. टक्.
त्या दिवशीचा पहिला तास मी घेतला.
अहवालात तसं लिहिलेलं नाही.

पुढचे तीन महिने काय सांगू.
गंजलेली बिजागरी, चिमटलेलं मांजर.
शिपाई अब्बास दुपारची चहाची वेळ
हळूहळू फाटकाबाहेर नेऊ लागला.

मग एका मंगळवारी झुवैना आलीच नाही.
तिचे आजोबा खल्फान आले,
पेटी दोन्ही हातांवर, बाळ आणावं तशी.
गच्चीवर उन्हात राहिलं होतं. कड उकलली होती.
"काळजी नको," ते म्हणाले, "बुजवलंय."
बुजवलं होतंच.
मुशीच्या तेलात भिजवलेला कापूस
पात्या-पात्यात ठासून बसवलेला,
एक धागा बाहेर नाही.
आमच्याकडे याला कलफत म्हणतात.
म्हाताऱ्यानंही जवळपास तोच शब्द उच्चारला.
कोण कुणाच्या होडीतून घेऊन गेलं, अल्ला जाणे.

मॅडमच्या हातात फॉर्म होता.
नुकसान: आहे की नाही, खूण करा.
त्या बराच वेळ उभ्या.
मग व्हायोलिन हनुवटीखाली धरलं,
वासानं डोळे मिटले,
आणि वाजवलं.
पडसं झालेल्या माणसानं
हाक मारावी तसा आवाज आला.
पण हाक मारली. बुडालं नाही.
म्हातारा भिंतीला टेकून ऐकत होता
आणि अंगठा खिशातल्या खिशात हलत होता.

परतताना व्हायोलिन मॅडमच्या मांडीवर.
कारागीर आता तो कापूस चिमट्यानं उपसणार,
त्याला उपसावाच लागणार.
"एसी बंद कर," त्या म्हणाल्या, "काचा उघड."
पहिल्यांदाच.
खारा वारा आत शिरला, मामू घोरायला लागले.
फॉर्मवर खूण केली की नाही
मी आरशातून पाहिलं नाही.

रात्री घरी फोन केला.
म्हटलं, ऐक, आज लागला.
"काय?"
सूर.
"थांबा हं," ती म्हणाली, "दारात सिलिंडरवाला आलाय."

व्हॅनला अजून मुशीचा वास येतो.
दोनदा धुतली.
तिसऱ्यांदा धुवायला कुणी सांगितलेलं नाही.